इरलं पांघरलेला ताड

जानेवारीतली दुपार. व्हँकुव्हरच्या इंग्लिश बे किनाऱ्यावरून मी छत्री धरून चाललो होतो. हवेत 4 अंश. पाऊस अगदी बारीक, आपल्याकडच्या श्रावणातल्या भुरभुरीसारखा. पण श्रावणातला पाऊस अंगाला बरा वाटतो, हा हाडांपर्यंत पोचत होता. समोर करडा समुद्र, त्यात नांगर टाकून थांबलेली मालवाहू जहाजं, पलीकडच्या डोंगरांवर बर्फ. आणि फुटपाथलगत, उघड्या जमिनीत, ताडाची झाडं. पंख्यासारखी हिरवीगार पानं, त्यांच्या टोकांवरून पाणी ठिबकतंय आणि खोडाला वरपासून खालपर्यंत तपकिरी काथ्याचं जाड वेष्टन. शेतात लावणीला निघालेल्या माणसानं इरलं पांघरावं, तशी ती झाडं पावसात उभी होती.

कोकणात वाढलेल्या माणसाला ताडकुळातलं झाड आणि थंडी यांची सांगड घालता येत नाही. माड, पोफळ, भेरली माड, शिंदी, सगळे आपले उन्हाळी सोबती. जगभर ताडकुळाच्या सुमारे 2,600 जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक उष्ण प्रदेशातल्या. त्याचं कारण झाडाच्या घडणीत आहे. आंब्याची फांदी मोडली तर बाजूचा डोळा फुटतो. ताडकुळातल्या बहुतेक झाडांना वाढीचा एकच डोळा असतो, तोही शेंड्यावर, पानांच्या बेचक्यात. माडाचा कोंब गेला की माड गेला, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. शिवाय या झाडाच्या खोडाला आंब्या-फणसासारखी वर्षागणिक नवी साल आणि नवं लाकूड धरत नाही, त्यामुळे खोडावरची जखम भरून येत नाही. पानं गाळून हिवाळाभर झोपून राहण्याची सोयही नाही. अशा झाडानं बर्फाच्या मुलखात तग धरायचा, तर तो एक कोंब जपणं एवढंच त्याच्या हाती असतं.

कोकणातून, गोव्यातून, पुण्या-मुंबईतून गेलेली मराठी घरं व्हँकुव्हर आणि सिएटलच्या पट्ट्यात आता पुष्कळ आहेत. परसात माडासारखं दिसणारं काही असावं, ही इच्छा त्यांच्यापैकी अनेकांची असते. रोपवाटिकेत गेलं की रोपाला लावलेल्या चिठ्ठीवर एक आकडा दिसतो : उणे 10, उणे 12, उणे 20. माणूस सर्वांत मोठा उणे आकडा पाहून रोप उचलतो. चूक होते ती इथेच.

या किनाऱ्याचं हवामान नीट पाहिलं तर ती चूक कळते. व्हँकुव्हर 49 अक्षांशावर आहे, पण पॅसिफिकच्या उबेमुळे तिथला हिवाळा कॅनडाच्या मानानं फार सौम्य असतो. विमानतळावर वर्षाला साधारण 1,200 मिलिमीटर पाऊस मोजला जातो, उत्तरेच्या डोंगरांच्या पायथ्याशी त्याहून बराच जास्त. रत्नागिरीला यापेक्षा दुपटीहून अधिक पडतो, म्हणजे पावसाचा आकडाही आपल्याला भिववणारा नाही. फरक ऋतूचा आहे. आपल्याकडे पाऊस येतो जून ते सप्टेंबर, हवा उबदार असताना, झाड जोमात वाढत असताना. तिथे तो येतो मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च, झाडाची वाढ थांबलेली असताना. जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात आणि त्या भर उन्हाळ्यातही दुपारचं तापमान सरासरी 22 अंशांच्या आसपासच राहतं. म्हणजे पाणी आहे तेव्हा ऊब नाही आणि थोडीशी ऊब येते तेव्हा पाणी नाही. शिवाय काही वर्षांआड एखादा आठवडा असा येतो, की फ्रेझर नदीच्या खोऱ्यातून देशाच्या आतल्या भागातलं कोरडं, गोठवणारं वारं किनाऱ्याकडे धावतं आणि पारा उणे 10 च्या खाली जातो.

म्हणून या बागेसाठी पाम निवडताना पहिला प्रश्न ‘किती थंडी सोसतो?’ हा नव्हेच. त्याच्या मूळ गावी पाऊस कोणत्या ऋतूत पडतो आणि त्याला वाढायला उन्हाळा किती तापावा लागतो, हे आधी विचारायचं. थंडीचा आकडा त्यानंतर.

उदाहरण म्हणून सर्वांत मोठ्या उणे आकड्याचा पाम घेऊ. अमेरिकेच्या आग्नेय भागात, जॉर्जिया, अलाबामा, फ्लोरिडाच्या दलदलीच्या रानांत ‘नीडल पाम’ नावाचं बुटकं, काटेरी झुडूप वाढतं. थंडी सोसण्यात ताडकुळात त्याच्या बरोबरीचं कुणी नाही. उणे 20 अंशांतूनही ते जगल्याच्या नोंदी आहेत. मग ते व्हँकुव्हरला फोफावायला हवं. प्रत्यक्षात ते तिथे वर्षानुवर्षं आहे तिथेच राहतं. वर्षाला एखाद-दुसरं पान, कधी तेही नाही. त्याच्या गावी उन्हाळ्यात महिनोन् महिने तिशीपार उकाडा असतो. त्या उकाड्यात ते भराभर पानं काढतं आणि हिवाळ्यात पोळलेल्या पानांची भरपाई करतं. व्हँकुव्हरचा उन्हाळा त्याला पुरत नाही. हिवाळ्यात झालेलं नुकसान पुढच्या हिवाळ्यापर्यंत भरून निघत नाही, आणि कर्जात बुडालेल्या घरासारखं ते झाड दरवर्षी थोडं थोडं खचत जातं. त्याच प्रांतातला बुटका ‘सबाल मायनर’ हाही याच दुखण्यानं मागे पडतो. बाग दक्षिणाभिमुख भिंतीशी असेल आणि माळ्याला धीर असेल तरच या दोघांच्या वाटेला जावं.

वाळवंटातल्या पामांचं दुखणं वेगळं. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या भागातला वॉशिंग्टोनिया किंवा बाहा कॅलिफोर्नियातला निळसर, देखणा ब्राहिया आर्माटा यांना कोरड्या थंडीचं फारसं भय नसतं. ओल्या थंडीत मात्र त्यांचा गाभा सडतो. निळ्या पानांच्या मोहात पडून ब्राहिया विकत घेणारे पुष्कळ भेटतात. या पावसाळी किनाऱ्यावर, वर पक्कं छप्पर दिल्याशिवाय, तो लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता त्या इरलं पांघरलेल्या झाडाकडे येऊ. त्याचं शास्त्रीय नाव ट्रॅकिकार्पस फॉर्च्यूनी, इंग्रजीत चुसान पाम किंवा विंडमिल पाम. मूळ मध्य आणि दक्षिण चीनचं. जपानमार्गे त्याचं बी युरोपात प्रथम पाठवलं फिलिप फ्रान्ट्स फॉन सीबोल्ट यानं, 1830 मध्ये. पण झाडाला नाव मिळालं ते रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पती-संग्राहकाचं. चीनमधून चहाची रोपं भारतात हिमालयाच्या उतारांवर आणली, तोच हा फॉर्च्यून. लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीनं त्याला 1843 मध्ये चीनला धाडलं. चुसान, म्हणजे आजच्या झौशान बेटावर, त्यानं हा पाम पाहिला आणि 1849 मध्ये रोपं इंग्लंडला पाठवली. काही क्यूच्या बागेत, काही राजघराण्याच्या बागेत.

चीनमधल्या शेतकऱ्यांच्या लेखी हे झाड शोभेचं नव्हतं. खोडाभोवतीचा काथ्या थरांनी सोलून काढायचा, त्याचे दोर वळायचे, केरसुण्या बांधायच्या, आणि पावसात शेतावर जाताना अंगावर घ्यायचे झूलदार कोट त्यापासूनच शिवायचे. कोकणातलं इरलं बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं, चिनी शेतकऱ्याचं या काथ्याचं. भातशेती तीच, वाकलेली पाठ तीच. इंग्लिश बेवर मला इरल्याची आठवण झाली, त्यात माझी कल्पना थोडी आणि इतिहास जास्त होता, हे मला पुढे वाचताना कळलं.

हा पाम पूर्ण वाढलेला असेल तर थोड्या वेळापुरती उणे 12 ते उणे 15 अंशांपर्यंतची थंडी सोसतो. आकडा नीडल पामपेक्षा कमी आहे. पण मोठा गुण पुढचा आहे : याला कडक उन्हाळा लागतच नाही. 20-22 अंशांच्या मऊ उन्हातही तो दर वर्षी नवी पानं काढतो, खोड चढवतो, पोय काढून पिवळी फुलं धरतो. मूळच्या डोंगराळ भागात थंड हिवाळा आणि भरपूर ओल यांची त्याला पिढ्यान् पिढ्या सवय आहे. स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य टोकावरच्या लोगन बोटॅनिक गार्डनपासून कॉर्नवॉलच्या बागांपर्यंत आणि व्हँकुव्हरपासून सिएटलपर्यंत, जिथे जिथे थंड, ओला, समुद्रकाठचा हिवाळा आहे, तिथे माळ्यांनी शेवटी याच झाडाला पसंती दिली आहे.

त्याची एक उणीव वाऱ्याची. मोठी, मऊ पानं समुद्राच्या उघड्या वाऱ्यात फाटतात, टोकं लोंबतात, झाड विस्कटलेलं दिसतं. बाग थेट किनाऱ्यावर असेल तर त्याचाच लहान पानांचा प्रकार घ्यावा, वॅग्नेरियानस. याची पानं छोटी, कडक, पुठ्ठ्यासारखी. वाऱ्यात हलतात पण फाटत नाहीत. हा प्रकार जपानमधल्या बागांतूनच बाहेर आला, रानात तो कुठे सापडलेला नाही. लहान परसासाठी मला तोच जास्त आवडतो.

स्वित्झर्लंडचा अनुभवही सांगायला हवा. तिथल्या दक्षिणेकडच्या तिचिनो प्रांतात हा पाम बागांतून निसटून रानात शिरला, पक्ष्यांनी बी पसरवलं, आणि आता तिथल्या जंगलात त्याची दाटी झाली आहे. 1 सप्टेंबर 2024 पासून त्या देशात त्याची विक्री बंद आहे. नर-मादी झाडं वेगळी असतात. मादी झाड असेल तर फळं पिकण्याआधी घोस कापून टाकणं, ही ते लावणाऱ्याची जबाबदारी आहे.

दुसरी निवड भूमध्य समुद्राकाठच्या कामेरोप्स ह्युमिलिसची. युरोपच्या मुख्य भूमीवर आपसूक वाढणारा हा खुजा पंखा-पाम. त्याच्या गावी पाऊस हिवाळ्यातच पडतो, त्यामुळे ओला हिवाळा त्याला परका नाही, आणि खारं वारं तो सहज झेलतो. एकाच बुडख्यातून अनेक खोडं फुटतात, म्हणून एक कोंब सडला तरी झाड मरत नाही. इटलीतल्या पादुआच्या वनस्पती उद्यानात 1585 मध्ये लावलेलं याचं एक झाड आजही जिवंत आहे. 1786 मध्ये जर्मन कवी ग्यॉटेनं ते पाहिलं, त्याची खालची साधी पानं आणि वरची पंख्यासारखी चिरलेली पानं न्याहाळली, आणि वनस्पतींच्या अवयवांची रूपं एकातून एक कशी घडत जातात या त्याच्या विचाराला त्या झाडानं चालना दिली. चार शतकांहून जुनं ते झाड आता काचघरात जपलेलं आहे. थंडी सोसण्यात कामेरोप्स विंडमिल पामच्या थोडा मागे आहे. उणे 9-10 नंतर पानं करपतात. व्हँकुव्हरला त्याला घराच्या भिंतीचा आडोसा हवाच.

चिलीच्या जुबियाचीही गोष्ट अशीच. मध्य चिलीतही पाऊस हिवाळ्यात येतो आणि समुद्रातल्या थंड प्रवाहामुळे उन्हाळा फार तापत नाही, म्हणजे त्याचं गाव आपल्या या बागेच्या बरंच जवळचं. खोड हत्तीच्या पायासारखं, झुलणाऱ्या झावळ्या माडाच्या. माडाची आठवण भागवायची तर याच्यासारखा दुसरा नाही, आणि वाढलेलं झाड उणे 10 च्या आसपासची थंडी सोसतं. पण धीर धरावा लागतो तो वर्षांचा नाही, दशकांचा. त्याच्या रसापासून चिलीत पाकासारखा मध करतात. आपला माडीवाला झाडावर चढतो, पोय छेदतो, आणि झाड पुढेही देत राहतं. चिलीत मात्र रस काढण्यासाठी पूर्वी अख्खं झाड आडवं पाडत. चार्ल्स डार्विननं 1834 मध्ये ही पद्धत पाहून लिहून ठेवली आहे. त्या तोडीमुळे एकेकाळी डोंगरच्या डोंगर व्यापणारी ही झाडं आता मोजक्या ठिकाणी उरली आहेत.

दक्षिण ब्राझील-उरुग्वेकडचा ब्युटिया निळसर झावळ्यांचा, गोड-आंबट फळांचा. फळांचा मुरंबा होतो. पण त्याला उन्हाळ्याची ऊब बरीच लागते, आणि या किनाऱ्यावर हिवाळ्यात पावसापासून डोकं झाकल्याशिवाय तो टिकेल याची खात्री मी देणार नाही. कॅनरी बेटांच्या खजूर-पामचं तर नावच काढू नये. तो सिली बेटांसारख्या जवळजवळ हिमरहित जागी शोभतो. इंग्लंडच्या टॉर्की परिसरात रस्तोरस्ती ‘टॉर्बे पाम’ दिसतो, तो तर पामच नव्हे. ते न्यूझीलंडचं कॉर्डिलिन, आपल्या शतावरीच्या कुळातलं. डिसेंबर 2010 च्या कडाक्यात ब्रिटन-आयर्लंडमध्ये ती झाडं मोठ्या संख्येनं मेली.

आता या निवडीची खरी परीक्षा घेणारे दोन पाम, दोन्ही भारतातले. पहिला ट्रॅकिकार्पस मार्टियानस, मेघालयाच्या खासी टेकड्यांतला. चेरापुंजी तिथलीच, वर्षाला 11,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस. पावसाळी बागेला याहून योग्य झाड कुठलं, असं वाटेल. तरी व्हँकुव्हरच्या उघड्या बागेत ते टिकत नाही. एक कारण असं, की खासी टेकड्यांतला पाऊस उन्हाळ्यातला आहे आणि हिवाळा कोरडा. हा विंडमिल पामचा सख्खा भाऊ, पण त्याचं खोड उघडं, गुळगुळीत. काथ्याचं इरलं त्याच्या अंगावर नाही.

दुसरा ट्रॅकिकार्पस टाकिल, कुमाऊँमधला. उत्तराखंडात पिथौरागढजवळ थलकेदार पर्वत आहे. तिथल्या बांज ओकच्या रानात, सुमारे 2,000 मीटर उंचीवर, हा पाम हिवाळ्यात बर्फ अंगावर घेऊन उभा असतो. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी यानं 1905 मध्ये त्याचं वर्णन केलं. विंडमिल पामइतकाच किंवा कदाचित त्याहून काटक, म्हणून परदेशी हौशी लोकांत त्याला फार मागणी आहे. आणि ‘टाकिल’ म्हणून विकली जाणारी कित्येक रोपं प्रत्यक्षात साधी फॉर्च्यूनीच निघतात. रानातली मूळ झाडं थोडी आहेत. बी कुठून आलं हे विक्रेता सांगू शकत नसेल, तर ते रोप घेऊ नये. साधा विंडमिल पाम घ्यावा. बागेला तेवढाच उपयोगी पडतो आणि कुमाऊँचं रान ओरबाडलं जात नाही.

निवड बरोबर झाली तरी पहिल्या दोन-तीन हिवाळ्यांत झाड दगावतं ते बहुधा कुजण्यानं. गाभ्यात पाणी साचतं, ते गोठतं, पेशी फुटतात, आणि वितळल्यावर त्या जखमेत बुरशी शिरते. नव्या, न उघडलेल्या पानाचा सुईसारखा कोंब हलक्या हातानं ओढून पाहावा. तो उपटून हातात आला आणि बुडाशी घाण वास आला, तर गाभा कुजतो आहे. हे दुखणं आपल्या माणसाला नवं नाही. माडाचा कोंब कुजतो, पोफळीला कोळेरोग लागतो, तेव्हा फायटोफ्थोरा या प्रजातीतले बुरशीसारखे सूक्ष्मजीवच त्यामागे असतात. पोफळीच्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रणाचा उपाय म्हैसूर संस्थानात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजवला तो लेस्ली कोलमन या शास्त्रज्ञानं, आणि तो होता कॅनडाचा. कोकणातला बागायतदार आजही मिरगाच्या आधी एक टक्का बोर्डो मिश्रण शिंपतो : शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. व्हँकुव्हरमध्ये कुजका भाग कापून गाभा कोरडा ठेवतात आणि तिथे परवानगी असलेलं ताम्रयुक्त बुरशीनाशक वापरतात. खालचा डोळा जिवंत असेल तर काही महिन्यांनी नवा कोंब वर येतो. म्हणून मेलंय असं समजून जूनआधी झाड उपटू नये.

लावायची वेळ मे महिना. जमीन तापू लागलेली असते आणि मुळांना पुढचे चार-पाच महिने मिळतात. जागा दक्षिणेकडची, भिंतीच्या आडोशाची. आळं खोदायची आपली सवय इथे सोडावी. आपण माडाभोवती आळं करतो ते पाणी धरण्यासाठी. इथे पाणी घालवायचं आहे, म्हणून वाळू-खडी मिसळलेल्या मातीचा वीतभर उंच वरंबा करून त्यावर रोप बसवावं. रोप कुंडीत होतं तेवढंच खोल लावावं, त्याहून खाली नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र पाणी द्यायला विसरू नये; तेच दोन महिने त्याच्या कमाईचे असतात.

हिवाळ्यात बुंध्याभोवती वाळक्या पानांचं आच्छादन घालावं. गोठवणाऱ्या वाऱ्याचा इशारा आला की पानं वर गोळा करून सैल बांधावीत आणि शेंड्यावर पावसाचं पाणी शिरणार नाही असं टोपडं ठेवावं. तिथले अनुभवी माळी खोडाभोवती जुन्या पद्धतीच्या, गरम होणाऱ्या दिव्यांची माळ गुंडाळतात. नव्या एलईडी माळा उजेड देतात, ऊब देत नाहीत, त्यांचा इथे उपयोग नाही. पारा पुन्हा शून्याच्या वर गेला की त्याच दिवशी सगळं सोडवावं. प्लास्टिकमध्ये आठवडाभर गुंडाळून ठेवलेलं झाड थंडीनं नाही, आतल्या आत कुजून मरतं.

आणि रोप घेताना शक्य तेवढं मोठं घ्या. वीतभर रोपाला उणे 6 मारतं. माणसाच्या उंचीचं, खोडावर काथ्या चढलेलं झाड तीच रात्र सहज काढतं.